परतीची मर्यादा : एका शोधाची कागदपत्रे

१५ डिसेंबर २००५च्या 'नेचर'मध्ये ९९७ ते १००० या पानांवर एक छोटा शोधनिबंध छापून आला. लेखक चौघे : डेव्हिड पाइन, जेरी गोलब, जॉन ब्रेडी आणि अलेक्झांडर लेशान्स्की. प्रश्न साधा होता. दाट, चिकट द्रवात बारीक गोल कण मिसळायचे, ते मिश्रण पुढे-मागे हेलकावत ठेवायचे आणि दर हेलकाव्याच्या शेवटी पाहायचे की प्रत्येक कण मूळ जागी परत आला का. चौघांनी दिलेले उत्तर असे : हेलकावा लहान असेल तर कण परत येतात, एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर येत नाहीत, आणि ही मर्यादा मोजता येते.

या निबंधाची गोष्ट सांगताना मर्यादेमागचे कारण म्हणून कित्येकदा 'केऑस' पुढे केला जातो. द्रवातून कण एकमेकांवर दूरवरून जोर लावतात, त्या ओढाताणीत सुरुवातीचा सूक्ष्म फरक झपाट्याने वाढतो आणि कण परतीची वाट चुकतो, असे ते स्पष्टीकरण. निबंधाच्या शीर्षकात हा शब्द पहिलाच असल्यामुळे तसे होणे स्वाभाविक आहे. पण या विषयाचे मूळ कागद तारखेच्या क्रमाने समोर मांडले, की निराळे चित्र दिसते. मर्यादा खरी ठरली, कारण मात्र बदलले. आणि जे कारण पुढे टिकले ते नवे नव्हते. २००५च्या आधीच्या तीसेक वर्षांच्या कागदांत ते लिहून ठेवलेले होते.

मराठी वाचकाला ही पद्धत अनोळखी नाही. राजवाड्यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली ती याच आग्रहाने, की बखर काय सांगते ते नंतर, आधी अस्सल कागद काय म्हणतो ते पाहा. विज्ञानातही बखरी तयार होतात आणि सुदैवाने अस्सल कागदही शिल्लक असतात.

गती उलटवण्याच्या कल्पनेचा जुना कागदही 'नेचर'मधलाच आहे. एप्रिल १८७४मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ऊर्जेच्या ऱ्हासावर एक लेख लिहिला. विश्वातल्या प्रत्येक कणाची गती एका क्षणी नेमकी उलटवली तर काय होईल, हे त्यांनी त्यात कल्पून पाहिले आहे. धबधब्याच्या पायथ्याचा फेस पुन्हा एकत्र येऊन पाण्यात मिसळेल, पाणी वर चढेल. दरडीतून सुटून खाली आलेले धोंडे चिखलातून आपली झीज गोळा करत डोंगराला जाऊन चिकटतील. न्यूटनच्या नियमांत याला कुठेही मज्जाव नाही. तरीही असे कधी घडत नाही. का, हा प्रश्न दोन वर्षांनी, १८७६मध्ये, योहान लोश्मिट यांनी व्हिएन्नाच्या अकादमीच्या कार्यवृत्तात बोल्ट्झमनच्या सिद्धांतावरचा आक्षेप म्हणून मांडला. बोल्ट्झमनने १८७७मध्ये उत्तर दिले : उलट्या दिशेने जाणाऱ्या अवस्था अशक्य नाहीत, पण विस्कटलेल्या अवस्थांची संख्या इतकी प्रचंड आहे की नीटनेटक्या अवस्थेकडे परतण्याची शक्यता नगण्य ठरते. हा वाद इतिहासात लोश्मिटच्या नावाने ओळखला जातो. तारखा पाहिल्या तर केल्विनचा लेख दोन वर्षे आधीचा आहे.

या सगळ्यात कणांची गती उलटवणे ही केवळ कल्पना होती. ती प्रत्यक्षात आणण्याची वाट निघाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणाहून, चिकट द्रवांच्या अभ्यासातून. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१मध्ये लंबकाच्या गतीवर द्रव-वायूंच्या अंतर्गत घर्षणाचा काय परिणाम होतो यावर जो प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला, त्यातल्या समीकरणांचा एक गुण असा, की द्रव पुरेसा चिकट आणि हालचाल पुरेशी संथ असेल तर जडत्वाला महत्त्व उरत नाही. भिंत जितकी सरकेल तितका द्रव सरकतो, ती थांबली की थांबतो, उलटी गेली की त्याच वाटेने उलटा येतो. किती वेगाने गेला याला महत्त्व नाही. किती अंतर गेला एवढेच मोजायचे. इथे एक सावधगिरी हवी. द्रव जागच्या जागी परत आला म्हणून खर्च झालेली ऊर्जा परत आली असे होत नाही. घर्षणाने जी उष्णता झाली ती झालीच. फक्त द्रवाच्या प्रत्येक बिंदूची जागा पूर्ववत होते. केल्विनच्या धबधब्यातले उलटणे आणि हे उलटणे यांत फरक आहे, आणि पुढच्या अनेक लोकप्रिय लेखांत तो पुसला गेला आहे.

हे प्रत्यक्ष करून दाखवणारा प्रयोग बहुतेक लोक 'टेलरचा प्रयोग' म्हणून ओळखतात. छापील पुरावा मात्र जॉन हेलर यांचे नाव पुढे करतो. 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'च्या १९६०च्या २८व्या खंडात त्यांचा निबंध आहे, आणि मिसळलेले पुन्हा वेगळे करून दाखवण्याचे प्रात्यक्षिक हाच त्याचा विषय आहे. सर जेफ्री टेलर यांची फिल्म त्यानंतर काही वर्षांनी आली. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून, एमआयटीच्या अॅशर शपायरो यांच्या पुढाकाराने द्रवगतिकीवरच्या शैक्षणिक फिल्म तयार होत होत्या. त्यातली संथ प्रवाहांवरची फिल्म टेलर यांनी केली तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते.

ती फिल्म आजही पाहायला मिळते आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. एकात एक बसवलेली दोन नळकांडी, मधल्या फटीत घट्ट पारदर्शक द्रव. त्यात रंगाचा एक ठिपका सोडलेला. आतले नळकांडे संथपणे फिरू लागते, ठिपका ओढला जातो, लांबतो, पट्ट्यासारखा पसरतो आणि शेवटी ओळखू येईनासा होतो. मग टेलर नळकांडे तितकेच फेरे उलटे फिरवतात. पट्टा आकसत जातो आणि ठिपका, कडांना किंचित पुसट होऊन, जिथून निघाला तिथे पुन्हा उभा राहतो. पुढच्याच भागात ते द्रवात एक ताठ वस्तू आणि एक लवचीक धागा ठेवतात. ताठ वस्तू परत येते. धागा मात्र वेडावाकडा होतो आणि पूर्वीचा आकार घेत नाही. फिल्म पाहणाऱ्यांच्या लक्षात ठिपका राहतो. मला हा धाग्याचा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण पुढच्या संशोधनाचा खरा विषय तिथे आहे : द्रव परत येतो, पण द्रवात ठेवलेली प्रत्येक गोष्ट येतेच असे नाही.

याच रंगाच्या ठिपक्याचा आधार घेऊन डेव्हिड बोम यांनी १९८०च्या आपल्या पुस्तकात 'गुंडाळून ठेवलेल्या' सुव्यवस्थेची कल्पना मांडली. कृष्णमूर्तींशी झालेल्या संवादांमुळे बोम आपल्याकडे बऱ्याच वाचकांना परिचित आहेत. पण त्यांचे रूपक फक्त रंगाचे आहे. रंगाचे रेणू एकमेकांना अडवत नाहीत, द्रवाबरोबर निमूट वाहतात. प्रश्न कठीण होतो तो द्रवात घन कण मिसळले की.

घन कणांची गोष्ट दोन कणांपासून सुरू होते. दोन गुळगुळीत गोळ्या, प्रवाहाच्या दोन शेजारच्या थरांत. वरचा थर जलद, त्यामुळे मागची गोळी पुढचीला गाठते, तिच्या अंगावरून वळसा घेते आणि पुढे निघून जाते. जॉर्ज बॅचलर आणि ग्रीन यांनी १९७२मध्ये 'जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स'मध्ये याचे पूर्ण गणित दिले. निष्कर्ष असा, की भेटीनंतर गोळी पुन्हा त्याच थरात जाते ज्यातून ती आली होती. भेट संपूर्ण सममित असते. प्रवाह उलटवला तर दोघी त्याच वाटेने परत येतात. गुळगुळीत गोळ्यांच्या जगात दोघींच्या भेटीतून न परतणारे काही निर्माण होत नाही.

खरी गोळी गुळगुळीत नसते. माँट्रियलमधल्या मॅकगिल विद्यापीठात स्टॅन्ली मेसन आणि त्यांचे सहकारी १९५०च्या दशकापासून हेच पाहत होते. लगद्याचा आणि कागदाचा उद्योग हा त्या संशोधनामागचा व्यावहारिक हेतू होता, कारण कागदाचा लगदा म्हणजे द्रवात तरंगणारे तंतू. आर्प आणि मेसन यांच्या १९७७च्या निबंधात कणांच्या जोड्यांचे जे निरीक्षण आहे, त्यात पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा विचार स्पष्टपणे आला आहे. दोन कण अगदी जवळ आले की मधला द्रवाचा थर इतका पातळ होतो की एकाचे उंचवटे दुसऱ्याला टेकतात.

टेकण्यात काय विशेष, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. टेकलेला कण दुसऱ्याला ढकलू शकतो, ओढू शकत नाही. जवळ येताना उंचवटा कणाला थोडा बाहेर ढकलतो. दूर जाताना त्याला पुन्हा आत ओढून घेणारे कोणी नसते. म्हणून भेटीनंतर दोन्ही कण आधीपेक्षा थोड्या जास्त अंतरावरच्या थरांत जातात. आता प्रवाह उलटवा. कण परत निघतात ते या नव्या, बाहेरच्या वाटेने, आणि मूळ जागी पोहोचत नाहीत. समीकरणे उलटणारी, द्रव उलटणारा, पण एका सूक्ष्म स्पर्शाने कणाची वाट कायमची बदललेली.

या असममितीचा ठसा १९८०च्या एका आलेखात उमटलेला आहे. फ्रान्सिस गदाला-मारिया आणि अँड्रियास अक्रिव्होस यांनी दाट कणमिश्रण व्हिस्कोमीटरमध्ये, म्हणजे चिकटपणा मोजण्याच्या यंत्रात, घालून फिरवले. फिरवायला लागणारा जोर स्थिर झाल्यावर यंत्र थांबवले. पुन्हा त्याच दिशेने सुरू केले तर जोर जिथे होता तिथूनच पुढे चालू झाला, जणू मधे थांबणे घडलेच नाही. पण उलट दिशेने सुरू केले, तेव्हा जोर एकदम खाली घसरला आणि मग हळूहळू, यंत्र काही अंतर फिरल्यावर, पूर्वीच्या पातळीला आला. म्हणजे मिश्रणाला कोणत्या दिशेने ढवळले होते हे त्याच्या रचनेत उमटले होते. कण सममित मांडणीत असते तर दिशा बदलल्याने जोर बदलायला नको होता. गदाला-मारिया यांनी १९८७मध्ये पारसी यांच्यासह ही असममिती कणांच्या मांडणीतच मोजली. आणि १९९६मध्ये दा कुन्या आणि हिंच यांनी विरळ मिश्रणातल्या खडबडीत गोळ्यांचे गणित करून दाखवले, की केवळ खडबडीतपणामुळेही कण प्रवाहात आडवेतिडवे भरकटू शकतात.

१९९६पर्यंतचा पुरावा हा असा आहे. स्पर्श हे कारण माहीत होते, त्याचा परिणाम मोजलेला होता. माहीत नव्हते ते एवढेच, की अनेक कणांच्या गर्दीत, पुढे-मागे हेलकावताना, हे स्पर्श एकत्रित काय करतात.

तो प्रश्न ज्यांनी हाती घेतला ते वेगळ्या वाटांनी आले होते. पाइन यांच्या वाटेचा माग १९९७च्या 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मधल्या एका निबंधात सापडतो. हेब्रो, लकेर आणि मुंक यांच्याबरोबर त्यांनी पायसावर, म्हणजे एका द्रवात दुसऱ्याचे थेंब असलेल्या दाट मिश्रणावर, हेलकावे देऊन लेझरचा प्रकाश टाकला. दर हेलकाव्याला प्रकाशाचे ठिपके पुन्हा पूर्वीसारखे दिसतात का, यावरून किती थेंब जागी परतले हे कळत होते. काही थेंब हेलकाव्यामागून हेलकावा परतत होते, बाकीचे नाही. २००५च्या प्रयोगाची मूळ कल्पना इथे स्पष्ट दिसते.

गोलब मात्र केऑसच्या बाजूने आले. १९७५मध्ये हॅरी स्विनी यांच्यासह त्यांनी दोन नळकांड्यांमधल्या पाण्यावर जो प्रयोग केला, तो खळबळीचा प्रवाह केऑसच्या वाटेने येतो याच्या पहिल्या भक्कम पुराव्यांपैकी एक मानला जातो. टेलर यांनी १९२३मध्ये ज्या उपकरणाचे गणित केले होते त्याच धर्तीचे ते उपकरण. तीस वर्षांनी तशाच नळकांड्यांमध्ये न परतणारी गती दिसल्यावर गोलब यांना केऑसचा चष्मा आपसूक सुचला असावा, हे माझे अनुमान आहे. कागदांवरून ते सिद्ध होत नाही, पण त्याच्याशी सुसंगत आहे.

आता २००५चा निबंध जवळून पाहू. कण पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटचे, म्हणजे ज्याला आपण ॲक्रिलिक म्हणतो त्याचे, व्यासाने सुमारे पाव मिलिमीटर. द्रव पाण्याहून हजारो पट चिकट आणि कणांच्याच घनतेचा, म्हणजे कण तरंगतही नाहीत आणि बुडतही नाहीत. द्रव आणि कण यांतून प्रकाश सारखाच वळतो, त्यामुळे मिश्रण काचेसारखे पारदर्शक. त्यात मोजके कण रंगवलेले. कण इतके मोठे की रेणूंच्या उष्णतेच्या धक्क्यांनी ते हलत नाहीत. म्हणजे जे काही हलेल ते हेलकाव्यामुळेच. दर हेलकाव्याला एक छायाचित्र, नेहमी त्याच टप्प्यावर. सगळे कण परतले असतील तर सगळी छायाचित्रे एकसारखी यायला हवीत.

हेलकाव्याची लांबी ते भिंत किती सरकली याला फटीच्या रुंदीने भागून मोजतात. लांबी लहान असताना छायाचित्रे एकसारखी आली. लांबी वाढवली आणि मर्यादा ओलांडली तेव्हा रंगीत कण प्रत्येक चित्रात थोडे सरकलेले दिसू लागले, आणि हे सरकणे दारुड्याच्या चालीसारखे दिशाहीन होते. फक्त प्रवाहाच्या दिशेने जास्त आणि आडव्या दिशेने कमी. मिश्रणात कणांचा वाटा वाढवला की मर्यादा खाली येत होती, जवळजवळ त्या वाट्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. केल्विन आणि लोश्मिट यांनी जी गोष्ट कागदावर कल्पिली होती, ती इथे टेबलावर होती. गती उलटवायची मूठ माणसाच्या हातात, आणि परतणे व न परतणे यांच्यामधली सीमा आकड्यांत.

कारणाबद्दल निबंध काय म्हणतो? ब्रेडी आणि लेशान्स्की यांच्या संगणकीय गणिताशी तुलना करून लेखक सांगतात, की ही मर्यादा लिआपुनोव्ह घातांकाच्या, म्हणजे सूक्ष्म फरक किती वेगाने वाढतो याच्या मापाच्या, ठळक वाढीशी निगडित आहे. त्यांनी शब्द जपून वापरले आहेत. दोन गोष्टी बरोबर वाढतात, इतकेच ते म्हणतात. केऑसमुळेच कण परतत नाहीत, हे ठाम विधान नंतरच्या सांगण्यात शिरले. गोलब आणि पाइन यांनी ऑगस्ट २००६च्या 'फिजिक्स टुडे'त याच विषयावर लिहिलेल्या टिपणाच्या शीर्षकातही केऑस आहे, आणि हे टिपण मूळ निबंधापेक्षा कितीतरी सोपे व जास्त वाचकांसाठी होते.

पुढचा कागद २००८चा आहे आणि माझ्या मते या मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा. 'नेचर फिजिक्स'च्या चौथ्या खंडात लॉराँ कोर्ते, पॉल चेकिन, गोलब आणि पाइन यांनी तोच प्रयोग पुढे नेला. नवी गोष्ट त्यांनी पाहिली ती वेळेची. मर्यादेच्या खाली कण पहिल्यापासून परतत नसतात. सुरुवातीच्या हेलकाव्यांत ते भरकटतातच, मग भरकटणाऱ्यांची संख्या कमी होत जाते आणि शेवटी सगळे परतू लागतात. मर्यादेच्या जवळ जावे तसा या स्थिरावण्याला लागणारा काळ वाढत जातो. मर्यादेपलीकडे मात्र भरकटणे कधीच संपत नाही.

हे समजावण्यासाठी त्यांनी जे प्रतिरूप मांडले त्यात द्रव नाहीच. सपाट पृष्ठावर विखुरलेल्या चकत्या. हेलकाव्यात ज्या दोन चकत्या एकमेकींवर येतील त्यांना एक छोटा धक्का कुठल्याही दिशेने द्यायचा. ज्या कोणावरही येणार नाहीत त्यांना जागेवर ठेवायचे. मग पुढचा हेलकावा. एवढ्या नियमावर संगणकातल्या चकत्या मर्यादेच्या खाली अशा मांडणीत जाऊन बसतात की कोणीच कोणाला अडवत नाही, आणि मर्यादेपलीकडे अशी मांडणी सापडत नाही. द्रवाचा दूरवरचा प्रभाव नाही, लिआपुनोव्ह नाही, केऑस नाही, तरी मर्यादा आहे. शीर्षकातूनही केऑस गेला होता. त्याजागी यदृच्छेतून येणारी सुव्यवस्था आली होती. लेखकांपैकी दोघे तेच, अंतर अडीच वर्षांचे. आधीच्या निबंधाचे कारण त्यांनी मागे घेतल्याची घोषणा केलेली नाही. पण त्यांचे प्रतिरूपच सांगते की मर्यादा समजायला केऑसची गरज नाही.

आर्प-मेसन आणि दा कुन्या-हिंच यांचा स्पर्श इथे नव्या अर्थाने परत येतो. पहिल्या हेलकाव्यांत जे कण टेकतात ते एकमेकांना बाहेर ढकलतात, आणि बाहेर ढकलले गेल्यामुळे पुढच्या हेलकाव्यात टेकत नाहीत. म्हणजे न परतणाऱ्या स्पर्शांतूनच परतणारी मांडणी तयार होते. हेलकावा फार लांब झाला की एकापासून सुटलेला कण दुसऱ्याच्या वाटेत येतो, तिसऱ्याच्या वाटेत येतो, आणि हा गोंधळ मिटत नाही.

या निबंधातून भारतात पोहोचणारा एक धागा आहे आणि तो खरा आहे. २००९मध्ये चेन्नईचे गौतम मेनन आणि बंगळूरचे श्रीराम रामस्वामी यांनी 'फिजिकल रिव्ह्यू ई'मध्ये दाखवले, की ही मर्यादा ज्या प्रकारच्या अवस्थाबदलात बसते तो वाळूच्या ढिगाच्या एका प्रसिद्ध प्रतिरूपाचा प्रकार आहे. ते प्रतिरूप एस. एस. मन्ना यांनी १९९१मध्ये मांडले होते : चौकटीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त कण जमले की ते शेजाऱ्यांकडे यदृच्छेने उडतात, कुठेच गर्दी उरली नाही की सगळे थांबते, आणि कणांची एकूण संख्या कायम राहते. ढिगाच्या या कुळातल्या प्रतिरूपांचे अचूक गणित ज्यांनी उभे केले ते दीपक धर त्या काळी मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांचा त्यावरचा गाजलेला निबंध १९९०चा आहे आणि मन्नांच्या प्रतिरूपावरचा स्वतंत्र निबंध १९९९चा. धर यांना २०२२चे बोल्ट्झमन पदक मिळाले. मेनन-रामस्वामींचा निबंध एक पाऊल पुढे जातो आणि म्हणतो की हेलकावणारे कणमिश्रण हे अशा अवस्थाबदलाचे बहुधा पहिले प्रत्यक्ष उदाहरण ठरेल. कुलाब्यात कागदावर सोडवलेल्या वाळूच्या ढिगाचे कूळ अमेरिकेतल्या काचेच्या नळकांड्यात सापडणे, ही या विषयातली मला सर्वांत आनंद देणारी गोष्ट आहे.

त्यानंतर शाखा भराभर फुटल्या. चार्ल्स आणि सिंथिया राइशहार्ट यांनी २००८च्या सुमारास अतिवाहकांतल्या भोवऱ्यांच्या गणितात अशीच मर्यादा दाखवली आणि जपानमध्ये ओकुमा यांच्या गटाने ती प्रयोगात शोधली. नेथन कीम आणि सिडनी नेगल यांनी २०११मध्ये दाखवले, की स्थिरावलेले मिश्रण आपल्याला दिलेल्या हेलकाव्याची लांबी 'लक्षात' ठेवते. त्याहून लहान हेलकाव्याला सगळे कण परततात, किंचित मोठ्या हेलकाव्याला लगेच भरकटू लागतात, आणि ज्या लांबीला हा बदल होतो ती वाचून पूर्वीची लांबी ओळखता येते. २०१४मध्ये पॉल्सन, कीम आणि नेगल यांनी ते प्रयोगात करून दाखवले. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात श्रीकांत शास्त्री आणि सहकाऱ्यांनी काचेसारख्या अस्फटिकी घन पदार्थांच्या प्रतिरूपांवर हाच प्रश्न विचारला. २०१३, २०१४ आणि २०१७चे त्यांचे निबंध या शाखेत आधारभूत मानले जातात.

कारणाचा निकाल मात्र मूळ कणमिश्रणातच लागायचा होता आणि तो मेट्झगर आणि बटलर यांच्या निबंधांत लागला. २०१०मध्ये त्यांनी संगणकावर तपासले, की द्रवामार्फत चालणाऱ्या दूरवरच्या प्रभावाचा न परतण्यात खरोखर किती वाटा आहे. २०१३मध्ये कणांमधल्या पातळ द्रवथराचा प्रभाव तपासला. दोन्ही निबंधांच्या शीर्षकांत केऑस आहे, पण तो परीक्षेला बसवलेला आहे. निष्कर्ष कणांच्या निकट स्पर्शाकडे बोट दाखवतो. मग फाम यांच्यासह २०१५मध्ये प्रयोग आला, त्यात खडबडीतपणाचा परिणाम थेट तपासला गेला आणि कणांचे विखुरणे घन-घन स्पर्शावर अवलंबून असल्याचे दिसले. २०१६च्या निबंधात त्याच गटाने मर्यादेचा आकडासुद्धा स्पर्शाच्या भूमितीतून आणि खडबडीतपणातून समजावून दिला.

आर्प-मेसनपासून फामपर्यंत एकोणचाळीस वर्षे. या काळात स्पर्शाचे कारण दोनदा सापडले. दुसऱ्यांदा शोधावे लागले ते एका उत्तम निबंधाच्या शीर्षकातल्या एका शब्दामुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल; गर्दीतल्या कणांचा प्रश्न दोन कणांच्या प्रश्नापेक्षा खरोखरच निराळा होता आणि तो २००५च्या प्रयोगाशिवाय विचारलाच गेला नसता. पाइन आणि सहकाऱ्यांनी मर्यादा शोधली, हे श्रेय पूर्णपणे त्यांचे आहे. त्या मर्यादेचा अर्थ २००८च्या निबंधाचा आहे, तिचे नाते मेनन आणि रामस्वामींनी लावले, आणि तिचे कारण मेसनच्या प्रयोगशाळेपासून दा कुन्या व हिंच यांच्यापर्यंत आणि तिथून मेट्झगर, बटलर व फाम यांच्यापर्यंत पोहोचते.

महाविद्यालयात हा विषय शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. टेलरची फिल्म जरूर दाखवा, पण ठिपका परत आल्यावर थांबू नका. धाग्याचा भागही दाखवा. आणि २००५चा निबंध वाचायला द्याल तेव्हा त्याच्याबरोबर २००८चा आणि २०१५चा निबंधही द्या.